मॉनिटर : एका युद्धनौकेचे नाव व त्याचे अर्थांतर

मॉनिटर : अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तरेच्या नौसेनेने बांधलेली चिलखती युद्धनौका आणि तिच्यावरून रूढ झालेले युद्धनौकांच्या एका प्रकाराचे नाव. पाण्याबाहेर जेमतेम दिसणारे सपाट शरीर, त्यावर फिरता चिलखती बुरूज आणि बुरुजात मोजक्या पण प्रचंड तोफा, ही मूळ नौकेची लक्षणे. एका नौकेचे विशेषनाम साऱ्या प्रकाराचे सामान्यनाम व्हावे, अशी उदाहरणे नौकानयनाच्या इतिहासात थोडी आहेत. मॉनिटरच्या बाबतीत नाव कोणी, कधी व कोणत्या हेतूने सुचविले याचा लेखी पुरावा उपलब्ध आहे. ‘ताकीद देणारी’ या अर्थाने योजलेला हा शब्द पुढील शंभर वर्षांत प्रथम रचनेचा, मग कामगिरीचा आणि अखेरीस स्मृतीचा वाचक बनला. या प्रवासात मूळ ताकीद मात्र लोपली. शस्त्राला दिलेले नाव व त्या शस्त्राची वास्तविक करणी यांतील अंतर समजण्यासाठी हा इतिहास उद्‌बोधक आहे.

व्युत्पत्ती व पूर्वीचे अर्थ : ‘बजावणे, आठवण करून देणे, सल्ला देणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासून ‘मॉनिटर’ हे नाम सिद्ध झाले असून त्याचा मूळ अर्थ ‘बजावणारा, सावध करणारा’ असा आहे. इंग्रजीत हा शब्द सोळाव्या शतकापासून शाळेच्या संदर्भात आढळतो. वर्गात शिस्त राखण्याचे काम सोपविलेल्या मोठ्या विद्यार्थ्यास तेथे मॉनिटर म्हणत. मराठी वाचकास शब्दाचा हाच अर्थ सर्वाधिक परिचयाचा आहे. या अर्थाचा भारताशीही एक संबंध आहे. अँड्र्यू बेल या धर्मोपदेशकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेत, मोठ्या विद्यार्थ्यांकडून धाकट्यांना शिकविण्याची पद्धत अवलंबिली. १७९७ मध्ये त्याने तिचे वर्णन लंडनमध्ये प्रसिद्ध केले. पुढे जोसेफ लँकेस्टरच्या तशाच प्रयोगासह ही पद्धत ‘मॉनिटर पद्धत’ म्हणून युरोपात व अमेरिकेत पसरली. घोरपडीच्या कुलातील सरड्यांनाही इंग्रजीत मॉनिटर म्हणतात. मगर जवळ आल्याची सूचना हे प्राणी देतात, अशा समजुतीतून ते नाव पडले, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. म्हणजे नौकेला हे नाव मिळाले तेव्हा ‘वरचढपणाने पण हितासाठी दुसऱ्यास बजावणारा’ ही अर्थच्छटा शब्दात अगोदरच रुजलेली होती.

नावामागील परिस्थिती : १८६१ च्या एप्रिलमध्ये यादवी युद्धास तोंड फुटले. गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडील संस्थानांनी फुटून निघून स्वतंत्र सरकार स्थापिले होते. त्याच महिन्यात व्हर्जिनियातील नॉरफोक येथील नौसेनेची गोदी सोडताना उत्तरेच्या अधिकाऱ्यांनी मेरिमॅक ही वाफेवर चालणारी युद्धनौका जाळून बुडविली. दक्षिणेच्या लोकांनी तो सांगाडा वर काढला आणि त्यावर उतरत्या भिंतींचे लोखंडी चिलखत चढविण्यास प्रारंभ केला. ही वार्ता उत्तरेत पोहोचताच नौसेनामंत्री गिडियन वेल्स याने चिलखती नौकांच्या योजना मागविल्या आणि त्यांच्या छाननीसाठी तीन अधिकाऱ्यांचे मंडळ नेमले. या मंडळापुढे आलेल्या योजनांत जॉन एरिक्सन (१८०३–८९) या स्वीडिश अभियंत्याची योजना होती.

एरिक्सनचे नौसेनेशी संबंध तेव्हा कडवट झालेले होते. स्वीडनहून इंग्लंडला व तेथून १८३९ मध्ये अमेरिकेस आलेल्या या अभियंत्याने प्रिन्स्टन या मळसूत्री पंख्याने चालणाऱ्या युद्धनौकेच्या बांधणीत मोठा वाटा उचलला होता. २८ फेब्रुवारी १८४४ रोजी त्या नौकेवरील एक अवजड तोफ प्रात्यक्षिकाच्या वेळी फुटून परराष्ट्रमंत्री व नौसेनामंत्री यांच्यासह सहाजण ठार झाले. ती तोफ एरिक्सनने घडविलेली नव्हती. तरीही दोषाचा वाटा त्याच्या माथी आला आणि त्याचे पैसेही थकले. फुटलेल्या तोफेचे नाव ‘पीसमेकर’, म्हणजे ‘शांतिकर्ती’, असे होते. शस्त्रांना नीतिवाचक नावे देण्याची त्या काळातील हौस व तिचे वैयर्थ्य या प्रसंगातून प्रकर्षाने दिसते.

तरीही ४ ऑक्टोबर १८६१ रोजी एरिक्सनशी करार झाला. किंमत २,७५,००० डॉलर व मुदत १०० दिवसांची ठरली. नौका अपयशी ठरल्यास पैसे परत करण्याची अटही त्यात होती. २५ ऑक्टोबर रोजी न्यूयॉर्कमधील ब्रुकलिनच्या ग्रीनपॉइंट भागात बांधणी सुरू झाली आणि ३० जानेवारी १८६२ रोजी नौका पाण्यात उतरली. कामास गती यावी म्हणून शरीर, यंत्रे व बुरूज यांची कामे वेगवेगळ्या कारखान्यांकडे वाटून दिली होती.

नामकरणाचे पत्र : जलावतरणापूर्वी दहा दिवस, २० जानेवारी १८६२ रोजी, एरिक्सनने नौसेनेचा साहाय्यक मंत्री गस्टाव्हस फॉक्स यास पत्र लिहून नौकेचे नाव सुचविले. पत्रातील युक्तिवाद थोडक्यात असा : ही नौका अभेद्य असून आक्रमणक्षम आहे. नद्यांच्या काठांवर उभारलेली तोफांची ठाणी उत्तरेच्या सैन्याला यापुढे अडवू शकणार नाहीत, हे ती दक्षिणेच्या बंडखोर नेत्यांना बजावील. पण ताकीद केवळ त्यांच्यापुरती नाही. लंडनमध्ये डाउनिंग स्ट्रीटवर बसणाऱ्या राज्यकर्त्यांनाही तिच्याकडे दुर्लक्ष करता येणार नाही. ब्रिटिश नौसेनेच्या धुरीणांना तर, बांधणी चालू असलेल्या चार महागड्या चिलखती नौका पुऱ्या करणे शहाणपणाचे आहे काय, अशी शंका ती घ्यावयास लावील. या कारणांसाठी नौकेचे नाव ‘मॉनिटर’ ठेवावे.

पत्रातील ब्रिटनच्या उल्लेखास ताजे निमित्त होते. नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या एका युद्धनौकेने ट्रेंट ही ब्रिटिश टपालनौका अडवून तीवरील दक्षिणेचे दोन वकील पकडले. त्यामुळे उभय राष्ट्रांत युद्ध जुंपण्याची भीती निर्माण झाली. वकिलांना मुक्त केल्यावरच ती निवळली. शिवाय फ्रान्सची ग्ल्वार (१८५९) व ब्रिटनची वॉरिअर (१८६०) या चिलखती नौका पाण्यात उतरल्या होत्या आणि अमेरिकेपाशी त्यांच्या तोडीचे काही नव्हते. मराठी दप्तरांतील भाषा वापरावयाची, तर एरिक्सनचे पत्र हे एक ताकीदपत्रच होते आणि ते एकाच वेळी दोघांच्या नावे काढलेले होते. त्यात तीन निश्चित विधाने अनुस्यूत होती : नौका अभेद्य आहे, नदीकाठची ठाणी तिला रोखू शकणार नाहीत आणि ब्रिटन आपल्या मोठ्या नौकांचा पुनर्विचार करील. या विधानांची कसोटी पाहण्यास फार काळ लागला नाही.

रचना : मॉनिटरची लांबी सु. ५४·६ मी., रुंदी सु. १२·६ मी. व पाण्याखालील खोली सु. ३·२ मी. होती. वजन सु. १,००० टन होते. तिचा डेक पाण्याच्या पातळीपासून केवळ ४५ सेंमी.च्या आसपास वर राही, त्यामुळे शत्रूच्या गोळ्यांना लक्ष्यच उरत नसे. मध्यभागी सु. ६·१ मी. आतील व्यासाचा व २·७ मी. उंचीचा दंडगोल बुरूज होता. एकेक इंच जाडीच्या लोखंडी पत्र्यांचे आठ थर एकमेकांवर बसवून त्याची भिंत केलेली होती. बुरूज वाफेच्या यंत्राने फिरे. आत अकरा इंची दोन गुळगुळीत नळीच्या तोफा होत्या. जुन्या पद्धतीच्या युद्धनौकेस तोफा रोखण्यासाठी स्वतः वळावे लागे. येथे नौका कोणत्याही दिशेला असली, तरी तोफा हव्या त्या दिशेस वळविता येत. फिरत्या बुरुजाची कल्पना एकट्या एरिक्सनची नव्हती. ब्रिटिश नौसेनेतील कप्तान कूपर कोल्स याने १८५९ मध्येच अशा बुरुजाचे एकस्व घेतले होते. परंतु युद्धात प्रथम उतरून ही कल्पना सिद्ध करण्याचा मान मॉनिटरकडे जातो. प्रेक्षकांना मात्र ती नौका वाटेचना. तराफ्यावर ठेवलेला चीजचा डबा, असे तिचे विनोदी वर्णन लोकांत रूढ झाले.

हॅम्प्टन रोड्‌सची लढाई : मेरिमॅकचा सांगाडा दक्षिणेने चिलखती करून तिचे ‘व्हर्जिनिया’ असे नवे नाव ठेवले होते. उत्तरेकडील वृत्तपत्रे व लोक मात्र जुनेच नाव वापरीत राहिले. एका पक्षाने नवे नाव देऊन नौकेवर आपला हक्क सांगितला, तर दुसऱ्याने जुने नाव न सोडून तो नाकारला, असा या नावांच्या वादाचा अर्थ लावता येतो. ८ मार्च १८६२ रोजी व्हर्जिनियाने हॅम्प्टन रोड्‌स या खाडीमुखात उत्तरेच्या लाकडी नौकांवर हल्ला चढविला. कंबरलँड ही नौका तिने धडक देऊन बुडविली व काँग्रेस ही पेटवून दिली. उत्तरेचे दोनशेहून अधिक लोक त्या दिवशी मारले गेले. त्याच रात्री मॉनिटर तेथे येऊन पोहोचली. दुसऱ्या दिवशी, ९ मार्च रोजी, या दोन चिलखती नौकांत सु. चार तास झुंज झाली. परस्परांवर अगदी जवळून डागलेले गोळे चिलखतावरून घरंगळून जात होते. मॉनिटरचा कप्तान जॉन वर्डेन डोळ्यांना इजा होऊन निकामी झाला. अखेर दोन्ही नौका मागे हटल्या आणि दोघींनीही विजयाचा दावा केला.

लढाई अनिर्णित राहिली, परंतु तिचा परिणाम निर्णायक होता. लाकडी युद्धनौकांचे युग संपल्याचे जगाला कळून चुकले. ब्रिटनमध्ये संसदेत व वृत्तपत्रांत खळबळ उडाली. त्याच वर्षी रॉयल सॉव्हरिन ही मोठी लाकडी नौका कापून तिचे कोल्सच्या बुरुजांच्या नौकेत रूपांतर करण्याचे काम हाती घेण्यात आले. ताकीद लंडनला पोहोचली, पण अपेक्षेच्या उलट अंगाने. ब्रिटनने चिलखती नौका बांधणे थांबविले नाही, उलट तो त्या अधिक वेगाने बांधू लागला.

ताकिदीच्या मर्यादा : दक्षिणेच्या नेत्यांना दिलेल्या ताकिदीची परीक्षा १५ मे १८६२ रोजी झाली. व्हर्जिनियाला तिच्याच खलाशांनी चार दिवसांपूर्वी नष्ट केले होते, त्यामुळे जेम्स नदीतून दक्षिणेची राजधानी रिचमंड गाठण्याचा मार्ग मोकळा झाला होता. मॉनिटरसह काही नौका नदीतून वर निघाल्या. रिचमंडच्या अलीकडे ड्रूरी कड्यावर दक्षिणेने तोफांचे ठाणे बसविले होते व नदीपात्रात अडथळे टाकले होते. मॉनिटरच्या बुरुजातील तोफांची तोंडे कड्याच्या माथ्यावर मारा करता येईल इतकी वर उचलता येईनात. तिला स्वतःला फारशी इजा झाली नाही, पण शत्रूला इजा करणेही तिला जमले नाही. ताफ्यास माघार घ्यावी लागली. नदीकाठचे ठाणे या नौकेला रोखू शकणार नाही, हे नामकरणाच्या पत्रातील विधान चार महिन्यांच्या आत खोटे ठरले.

अभेद्यतेच्या विधानास आव्हान मिळाले ते शत्रूकडून नव्हे, तर समुद्राकडून. ऱ्होड आयलंड या नौकेच्या मागे दोराने ओढून दक्षिणेकडे नेली जात असता ३१ डिसेंबर १८६२ च्या पहाटे केप हॅटरसजवळील वादळात मॉनिटर बुडाली. ज्या ठेंगण्या डेकमुळे ती गोळ्यांपासून सुरक्षित होती, त्याच डेकवरून लाटा आत शिरल्या. पंप निकामी झाले, वाफ मंदावली. चार अधिकारी व बारा खलाशी असे सोळाजण मृत्यू पावले. जलावतरणापासून तिचे आयुष्य अकरा महिन्यांचे झाले.

विशेषनामाचे सामान्यनाम : नौका गेली, पण नाव उरले. हॅम्प्टन रोड्‌सच्या यशानंतर उत्तरेत तिच्या धर्तीच्या नौका बांधण्याची लाट उसळली. पसेइक वर्गाच्या दहा व कनॉनिकस वर्गाच्या नऊ नौका त्यांतील प्रमुख होत. त्यांची विशेषनामे बहुधा अमेरिकेच्या आदिवासींच्या भाषांतील, नद्यांची, स्थळांची वा नायकांची होती, परंतु त्या सर्वांना मिळून ‘मॉनिटर’ असे म्हटले जाऊ लागले. येथे शब्दाने पहिले वळण घेतले. ‘ताकीद देणारी’ हा अर्थ मागे पडून ‘ठेंगणे शरीर व फिरता बुरूज असलेली’ असा रचनावाचक अर्थ पुढे आला.

या नौकांचा युद्धातील अनुभव संमिश्र होता. ७ एप्रिल १८६३ रोजी चार्ल्सटन बंदरावरील हल्ल्यात सात मॉनिटर नौका व अन्य दोन चिलखती नौका किल्ल्यांपुढे निष्प्रभ ठरल्या. ५ ऑगस्ट १८६४ रोजी मोबील उपसागरात टेकम्सा ही मॉनिटर पाणसुरुंगावर आदळून काही क्षणांत बुडाली व तीवरील नव्वदहून अधिक लोक प्राणांस मुकले. उथळ नद्यांसाठी काढलेल्या कॅस्को वर्गाच्या वीस नौका तर वजनाचा हिशेब चुकल्याने जेमतेम तरंगत. त्यांवर झालेला खर्च पुष्कळसा वाया गेला. याउलट १८६६ मध्ये मायँटोनोमो या मोठ्या मॉनिटरने अटलांटिक ओलांडून ब्रिटन व रशिया येथे भेट दिली आणि ही जात महासागर पार करू शकते हे दाखविले. मात्र प्रवासाचा बराच भाग तिला दुसऱ्या नौकेने ओढून नेले होते.

किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्राचे रक्षण करू पाहणाऱ्या लहान राष्ट्रांना ही रचना सोयीची वाटली. रशियाने पसेइकच्या नमुन्यावर दहा नौका बांधल्या. स्वीडनने आपल्या पहिल्या मॉनिटरला (१८६५) जॉन एरिक्सन याचेच नाव दिले आणि त्याने मायदेशासाठी तिच्या तोफा देणगी म्हणून पाठविल्या. पेरूची वास्कार ही कोल्सच्या पद्धतीच्या बुरुजाची, शिडे असलेली व समुद्रगामी नौका होती. तरी स्पॅनिश भाषिक जगात ती आजतागायत ‘मॉनिटर वास्कार’ म्हणूनच ओळखली जाते. नाव रचनेपासूनही सुटू लागल्याचे हे लक्षण होय.

मुंबईच्या मॉनिटर नौका : या जातीच्या इतिहासाशी मुंबईचा थेट संबंध आहे. ब्रिटिश नौसेनेचा प्रमुख रचनाकार एडवर्ड रीड याने अमेरिकन मॉनिटरमधील मुख्य दोष, म्हणजे लाटा आत शिरण्याचा धोका, टाळण्यासाठी एक सुधारणा केली. शरीर ठेंगणेच ठेवून डेकच्या मध्यभागी चिलखती कठडा उभारावयाचा आणि बुरूज, धुराडे व दारे त्या कठड्याच्या आत उंचावर घ्यावयाची, अशी ती योजना होती. या पद्धतीच्या पहिल्या तीन नौका साम्राज्यातील बंदरांच्या रक्षणासाठी बांधण्यात आल्या. त्यांपैकी सर्बरस मेलबर्नला गेली, तर मग्दला व ॲबिसिनिया या दोन मुंबईसाठी होत्या. दोन्ही १८७० मध्ये लंडनच्या टेम्स नदीकाठी बांधून झाल्या. प्रत्येकीची लांबी सु. ६८·६ मी. असून दोन बुरुजांत मिळून दहा इंची चार तोफा होत्या. मुंबई गाठल्यावर त्यांनी आपला सेवाकाळ तेथेच बंदराच्या रक्षणार्थ काढला. ॲबिसिनिया १९०३ मध्ये व मग्दला १९०४ मध्ये विकण्यात आली.

या दोघींची नावे मुंबईशी निगडित अशा एका मोहिमेची स्मारके होती. ॲबिसिनियाचा (इथिओपिया) सम्राट टेवोड्रॉस याने काही यूरोपीयांना कैदेत ठेवल्यामुळे १८६७ मध्ये मुंबईहून फौज धाडण्यात आली. मुंबई सैन्याचा सरसेनापती रॉबर्ट नेपिअर तिचा प्रमुख होता व तीत मुंबई इलाख्यातील शिपायांचा मोठा भरणा होता. १३ एप्रिल १८६८ रोजी मग्दलाचा डोंगरी किल्ला पडला आणि सम्राटाने आत्महत्या केली. मराठीत ॲबिसिनियास हबसाण म्हणत. सिद्दींच्या जंजिरा संस्थानासही तेच नाव होते. म्हणजे ज्या किनाऱ्यावर हबसाण हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा होता, त्याच किनाऱ्यावरील बंदराची राखण हबसाणावरील विजयाचे नाव मिरविणाऱ्या नौकेकडे आली.

येथे ‘मॉनिटर’ शब्दाच्या अर्थाचे आणखी एक अंतर लक्षात येते. एरिक्सनची नौका शत्रूच्या नद्यांत घुसण्यासाठी होती. तिची ताकीद बंडखोरांना व ब्रिटिश साम्राज्याच्या राज्यकर्त्यांना होती. आठ वर्षांच्या आत तेच साम्राज्य तीच रचना, तेच जातिवाचक नाव घेऊन, आपल्या वसाहतींच्या बंदरांवर पहाऱ्यास उभी करीत होते. ताकीद ज्यास द्यावयाची, त्यानेच ती उचलून आपल्या दाराशी टांगली, असे या घटनेचे वर्णन करता येईल. मुंबईच्या या नौकांवर बंदराच्या रक्षणार्थ लढण्याचा प्रसंग कधी आला नाही. त्यांचे सारे कार्य केवळ उपस्थितीने धाक ठेवण्याचे होते. त्या दृष्टीने पाहता, शब्दाचा मूळ अर्थ त्यांनी आपल्या पूर्वजेपेक्षा अधिक अक्षरशः पाळला, असेही म्हणता येईल.

रचनेकडून कामगिरीकडे : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महासागरी युद्धनौकांची झपाट्याने प्रगती झाली व मॉनिटर मागे पडली. अमेरिकेने १९०२–०३ मध्ये सेवेत घेतलेल्या आर्‌कॅन्सॉ वर्गाच्या चार नौका तेथील शेवटच्या मॉनिटर ठरल्या. त्यांना प्रथम संस्थानांची नावे दिली होती, परंतु पुढे ती नव्या मोठ्या युद्धनौकांसाठी काढून घेण्यात आली. वायोमिंगची शायेन झालेली नौका १९३७ मध्ये नौसेनेच्या यादीतून वगळण्यात आली आणि अमेरिकन नौसेनेतील या परंपरेचा अंत झाला.

दरम्यान नद्यांवरील व किनाऱ्यावरील युद्धात नावाला नवे आयुष्य लाभले. जुलै १९१४ च्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या डॅन्यूबवरील मॉनिटर नौकांनी बेलग्रेडवर गोळे टाकले व पहिल्या महायुद्धातील तोफांच्या माऱ्यास प्रारंभ झाला. त्यांतील बोड्रोग ही नौका आज बेलग्रेड येथे जतन केलेली आहे. ब्रिटनने ब्राझीलसाठी बांधलेल्या तीन नदी-मॉनिटर १९१४ मध्ये विकत घेतल्या. त्यांपैकी सेव्हर्न व मर्सी यांनी ११ जुलै १९१५ रोजी पूर्व आफ्रिकेतील रुफीजी नदीच्या मुखात दडलेल्या कनिग्झबर्ख या जर्मन क्रूझरचा नाश केला.

याच काळात ब्रिटनने किनाऱ्यावरील भडिमारासाठी खास मॉनिटर बांधल्या. पहिल्या चार नौकांचे नामकरण मोठे उद्‌बोधक आहे. त्यांच्या चौदा इंची तोफा अमेरिकेत तयार झालेल्या होत्या, म्हणून त्यांना फॅरागट, ग्रँट, ली व जॅक्सन या अमेरिकन यादवी युद्धातील सेनानींची नावे दिली गेली. त्यांत दोन्ही पक्षांचे वीर शेजारीशेजारी आले होते. पण अमेरिका तेव्हा तटस्थ राष्ट्र होते आणि ही नावे तिला अडचणीची ठरणार होती. त्यामुळे ती बदलून ॲबरक्रॉम्बी, हॅव्हलॉक, रॅग्लन व रॉबर्ट्‌स या ब्रिटिश सेनानींची नावे देण्यात आली. यांपैकी हॅव्हलॉक हा १८५७ च्या उठावातील लखनौच्या लढायांमुळे, तर रॉबर्ट्‌स हा भारतातील सरसेनापती म्हणून भारतीय इतिहासास परिचित आहे. १९१६ च्या एरेबस व टेरर या पंधरा इंची तोफांच्या मॉनिटरना जुन्या उखळी तोफांच्या नौकांची नावे मिळाली. वंश बदलला तरी काम तेच, याची ती पावती होती.

या ब्रिटिश नौकांचे डेक ठेंगणे नव्हते व त्यांची बाह्यरेषाही एरिक्सनच्या नौकेसारखी नव्हती. ‘अल्प वेग, उथळ तळ, एकदोन प्रचंड तोफा आणि किनाऱ्यावर मारा’ एवढ्यावरून त्यांना मॉनिटर म्हटले गेले. शब्दाचे हे दुसरे वळण होय : तो आता रचनेचा नव्हे, तर कामगिरीचा वाचक झाला. दुसऱ्या महायुद्धात नव्याने बांधलेल्या रॉबर्ट्‌सने ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरील चढाईत भाग घेतला. १९६७ पासून व्हिएटनामच्या नद्यांत अमेरिकन सैन्याने वापरलेल्या, उतरण-पडावांवर चिलखत व तोफा चढवून केलेल्या नौकांनाही मॉनिटर हेच नाव होते. शंभर वर्षांनंतर नाव पुन्हा नदीकाठच्या युद्धात परतले, परंतु त्यात एरिक्सनच्या मूळ ताकिदीची आठवण उरली नव्हती.

अवशेष व स्मृती : ऑगस्ट १९७३ मध्ये संशोधकांना केप हॅटरसपासून सु. २६ किमी. अंतरावर, सु. ७० मी. खोलीवर मूळ मॉनिटरचे अवशेष आढळले. नौका उलटी पडलेली असून तिचा बुरूज शरीराखाली दबलेला होता. ३० जानेवारी १९७५ रोजी, जलावतरणाच्या वाढदिवशी, ते स्थळ अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय सागरी अभयस्थान म्हणून घोषित झाले. ५ ऑगस्ट २००२ रोजी बुरूज वर काढण्यात आला. त्यात दोन खलाशांचे सांगाडे सापडले. त्यांची ओळख पटू शकली नाही. ८ मार्च २०१३ रोजी आर्लिंग्टन येथील राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना लष्करी इतमामाने मूठमाती देण्यात आली. बुरूज व्हर्जिनियातील न्यूपोर्ट न्यूज येथील सागरी संग्रहालयात नेण्यात आला व क्षार काढून टाकण्याची प्रदीर्घ प्रक्रिया त्यावर सुरू झाली. ज्या संस्थानाचे नाव तिची प्रतिस्पर्धी नौका मिरवीत होती, त्याच संस्थानात मॉनिटरचा बुरूज आज राहतो.

दैनंदिन भाषेत मात्र ‘मॉनिटर’ या शब्दावर नौकेचा ठसा उरलेला नाही. विसाव्या शतकात ध्वनिक्षेपणाच्या क्षेत्रात प्रक्षेपणाची प्रत तपासणे, लक्ष ठेवणे या अर्थाने हा शब्द प्रचारात आला. पुढे दूरचित्रवाणी, रुग्णालये व संगणक यांतील दर्शकपडद्यास तो लागू झाला. मराठीतही शाळेतील वर्गनायकापासून संगणकाच्या पडद्यापर्यंत या शब्दाचा पल्ला आहे. ‘बजावणे’ या अर्थाकडून ‘पाहत राहणे’ या अर्थाकडे झालेले हे संक्रमण आहे.

मूल्यमापन : मॉनिटरच्या नामकरणात एरिक्सनने केलेली तीन विधाने कालाच्या कसोटीवर टिकली नाहीत. नौका अभेद्य नव्हती, नदीकाठच्या ठाण्याने तिला अडविले आणि ब्रिटनने तिच्यापासून माघारीऐवजी धडा घेतला. तरीही नाव जगले, कारण ते ज्या तंत्रास चिकटले होते, ते तंत्र, म्हणजे फिरत्या बुरुजातील मोजक्या अवजड तोफा, खरोखरच नव्या युगाचा आरंभ करणारे होते. शस्त्राचे नाव ठेवणारा त्यात आपली आकांक्षा घालतो. नावाचा टिकाऊ अर्थ मात्र शस्त्राच्या प्रत्यक्ष उपयोगावरून व ते वापरणाऱ्यांच्या भवितव्यावरून ठरतो. पहिल्या मॉनिटरची ताकीद कोणी जुमानली, हा प्रश्न आता इतिहासजमा झाला आहे. तिच्याबरोबर गेलेल्या सोळा जणांपैकी दोघांना, नावे न पटताही, दीडशे वर्षांनी भूमी मिळाली. ‘आठवण करून देणे’ हा लॅटिन धातूचा दुसरा अर्थ त्या नावाने अशा रीतीने अखेर सार्थ केला.